‘काफ’ म्हणजे फक्त वासरू नव्हे

प्रश्न: मी इंग्रजीतून मराठीत अनुवादाची कामे नुकतीच घेऊ लागले आहे. ‘काफ’ म्हणजे वासरू, इतके शाळेपासून माहीत होते. पण व्हेलच्या पिल्लालाही काफ म्हणतात, व्यायामाच्या लेखात काफ म्हणजे पायाचा भाग असतो, बातमीत हिमनदीला ‘काव्ह’ हे क्रियापद लावलेले दिसते आणि जुन्या पुस्तकांच्या यादीत ‘हाफ काफ’ येते. हा सगळा एकच शब्द आहे का? आणि प्रत्येक ठिकाणी मराठीत काय लिहावे?

उत्तर: शेती, पशुपालन आणि निसर्गविज्ञान या विषयांवरचा मजकूर मी बरीच वर्षे मराठीत आणत आले आहे. त्यात हा शब्द सतत समोर येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हा एक शब्द नाही, दोन आहेत. पिल्लाचा काफ जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला आहे. पायाचा काफ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. त्याचे पुढचे मूळ नीट लागत नाही, म्हणून चांगले इंग्रजी कोश दोघांची नोंद वेगवेगळी करतात. आज स्पेलिंग आणि उच्चार सारखे आहेत, एवढेच. व्हेल, हिमनदी आणि पुस्तकाची बांधणी हे तिन्ही अर्थ मात्र पिल्लाच्या काफमधूनच फुटलेले आहेत. म्हणून पायाचा अर्थ आधी बाजूला काढते.

पायाच्या काफला मराठीत पोटरी. काही भागांत पिंढरी म्हणतात. गुडघ्याखाली मागच्या बाजूला जो मांसल फुगवटा असतो, त्याच्या वरच्या स्नायूचे वैद्यकीय नाव गॅस्ट्रोक्नेमियस. ते ग्रीक नाव आहे आणि त्याचा अर्थ ‘पायाचे पोट’ असा होतो. आपल्या पोटरीतही पोट आहेच. ज्वारीचे किंवा गव्हाचे कणीस बाहेर पडण्याआधी पानाच्या वेष्टनात फुगते, त्या अवस्थेलाही शेतकरी पोटरीच म्हणतो: ‘ज्वारी पोटरीत आली.’ इतका जिवंत शब्द हाताशी असताना आरोग्याच्या लेखात ‘काफ मसल’ लिहायचे कारण नाही. ‘काफ क्रॅम्प’ला पोटरीत गोळा येणे म्हणा, वाचकाला दुखणे लगेच कळेल. गॅस्ट्रोक्नेमियसच्या खाली सोलियस नावाचा दुसरा स्नायू असतो आणि दोघे मिळून अकिलीस कंडरेने टाचेला जोडलेले असतात. चालताना हे स्नायू आवळतात आणि पायातले अशुद्ध रक्त वर हृदयाकडे ढकलतात. लांबच्या विमानप्रवासात मधून मधून उठून चालायला सांगतात ते त्यासाठीच. बसून राहिले की हा पंप थांबतो आणि पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ‘काफ पंप’ हा शब्द आला तर ‘पोटरीच्या स्नायूंचा पंप’ असे सरळ लिहावे.

आता पिल्लाकडे येऊ. इंग्रजीत काफ कुणाला म्हणायचे याचा एक ढोबळ नियम आहे. ज्या प्राण्याच्या मादीला ‘काऊ’ आणि नराला ‘बुल’ म्हणतात, त्याचे पिल्लू काफ. म्हणून गाय, म्हैस, गवा आणि बायसन तर आलेच, पण हत्ती, गेंडा, पाणघोडा, जिराफ, मूस नावाचे मोठे हरीण, व्हेल, डॉल्फिन आणि समुद्रगाय म्हटला जाणारा डुगाँग यांची पिल्लेही काफच. व्हेलची शिकार करणाऱ्या खलाशांनी गोठ्यातली ही तिन्ही नावे उचलून समुद्रात नेली आणि पुढे प्राणिशास्त्राने ती तशीच ठेवली. नियमाला अपवाद आहेत. सीलच्या नराला बुल आणि मादीला काऊ म्हणतात, पण पिल्लाला मात्र पप, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाचा शब्द. हरणांमध्ये तर जातीगणिक शब्द बदलतो. युरोपातल्या रेड डिअरचे पिल्लू काफ, फॅलो डिअरचे फॉन आणि लहानशा रो डिअरचे किड, म्हणजे शेळीच्या करडाचा शब्द. मराठीत या तिघांनाही पाडस चालते, कारण आपल्याकडे हरणाच्या पिल्लाला एकच गोड शब्द आहे आणि तो पुरेसा आहे.

मराठीचा हिशेब अगदी वेगळा आहे. आपण आईबापाच्या नावावरून ठरवत नाही, थेट प्राणी पाहतो. घोड्याचे शिंगरू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, म्हशीचे रेडकू, गाईचे वासरू, हरणाचे पाडस. हत्तीच्या पिल्लाला छावा म्हणण्याची जुनी रीत आहे, पण आज छावा म्हटले की बहुतेकांना सिंहाचा बछडा किंवा संभाजी महाराज आठवतात, म्हणून चालू गद्यात मी ‘हत्तीचे पिल्लू’ लिहिते. संस्कृतातला कलभ हत्तीच्या पिल्लासाठीच आहे, पण तो कवितेपुरता ठेवावा. ज्यांना स्वतःचा शब्द नाही त्या सगळ्यांना पिल्लू. वासरू हा शब्द गाईपुरता आहे. गव्यापर्यंत आणि बायसनपर्यंत तो ताणता येतो, कारण ते गोवंशाचे जवळचे नातलग आहेत आणि राधानगरीच्या जंगलाकडचा माणूस गव्याचे वासरू म्हणाला तर कानाला खटकत नाही. जिराफाचे वासरू किंवा व्हेलचे वासरू मात्र लिहू नका. यंत्राने केलेल्या भाषांतरांत हे हमखास दिसते आणि त्या एका शब्दाने वाचकाचा सगळ्या मजकुरावरचा विश्वास उडतो.

दुसरी एक सवय अलीकडे वाढली आहे आणि ती मला मनापासून सलते. बातम्यांत आणि माहितीपटांच्या मराठी निवेदनांत ‘हत्तीचे बाळ’, ‘व्हेलचे बाळ’ असे येऊ लागले आहे. इंग्रजीतल्या ‘बेबी एलिफंट’वरून ते आलेले आहे. बाळ माणसाचे असते. लहान मुलांच्या गोष्टीत हत्तीणबाईचे बाळ शोभेल, पण वनखात्याच्या कामावरच्या लेखात नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर व्हेलचे पिल्लू येऊन अडकले आणि त्याला पुन्हा समुद्रात नेण्यासाठी गावकरी आणि सरकारी यंत्रणा झटत होत्या, तेव्हाच्या मराठी बातम्यांतला ‘पिल्लू’ हा शब्द अगदी बरोबर होता.

यात अडचण अशी की पिल्लू म्हटले की तळहातावर मावणारे काहीतरी डोळ्यांपुढे येते. निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मताच सुमारे ७ मीटर लांब आणि अडीच-तीन टन वजनाचे असते, आणि आईच्या घट्ट, चरबीदार दुधावर दिवसाला ९० किलोच्या आसपास वजन कमावते. हत्तीण जवळजवळ २२ महिने गाभण राहते आणि तिचे पिल्लू जन्मताना १०० किलोच्या घरात भरते. जिराफाची मादी उभ्यानेच विते, पिल्लू माणसाच्या उंचीएवढ्या अंतरावरून जमिनीवर पडते आणि तासाभरात स्वतःच्या पायांवर उभे राहते. इंग्रजीत काफ म्हटले की गोठ्यातल्या वासरामुळे दणकट शरीराची थोडी कल्पना आपोआप येते. मराठीत ती शब्दातून येणार नाही, वाक्यातून आणावी लागेल. मूळ मजकुरात आकडा पुढे कुठेतरी असेल तर तो पिल्लाच्या पहिल्या उल्लेखाशेजारी आणा. अनुवादात इतके इकडेतिकडे करण्याची मोकळीक घेतलीच पाहिजे.

आता गोठ्यातला काफ. इथे मराठी इतकी श्रीमंत आहे की खरी अडचण शब्द निवडण्याची असते. इंग्रजीत काफ म्हणजे नर की मादी ते कळत नाही, त्यासाठी वेगळे विशेषण लावावे लागते. मराठीत वासरू हा समान शब्द आहेच, शिवाय गाईचा नर तो गोऱ्हा, मादी ती पाडी किंवा कालवड. गोऱ्हा मोठा होऊ लागला की खोंड. म्हशीच्या पोटी पारडा किंवा पारडी, आणि वयात येणारी पारडी बऱ्याच ठिकाणी वगार. कालवड शब्दाचा वापर भागाप्रमाणे बदलतो. काही ठिकाणी अगदी लहान मादी वासरालाही कालवड म्हणतात, तर काही ठिकाणी विण्याच्या वयाला आलेल्या, पण अजून न व्यालेल्या मादीलाच. म्हणून पशुपालनाचे पुस्तक ज्या जिल्ह्यांत जाणार असेल तिथल्या गोठ्यात हा शब्द कसा चालतो ते आधी विचारून घ्या. इंग्रजीतली ‘हाइफर’ म्हणजे हीच न व्यालेली कालवड, आणि ‘फर्स्ट काफ हाइफर’ म्हणजे पहिलारू. बाजारात पहिलारू गाय म्हटले की कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

‘काव्ह’ हे क्रियापदही मुळात गोठ्यातलेच आहे. गाय विते, म्हैस विते, काल रात्री व्याली. ‘इन काफ’ म्हणजे गाभण. ‘काव्हिंग इंटरव्हल’ म्हणजे दोन वेतांमधले अंतर. वेत हा शब्द इंग्रजीला हेवा वाटावा असा आहे. ‘तिसऱ्या वेताची म्हैस’ एवढ्या तीन शब्दांत तिचे वय, अनुभव आणि दुधाचा अंदाज खरेदीदाराला मिळतो. इंग्रजी पशुवैद्यकातले ‘स्लिप्ड हर काफ’ पाहून वासरू घसरले असे लिहू नका. त्याचा अर्थ गाईने गाभ टाकला, गाय गाभडली. ‘काफ अॅट फूट’ म्हणजे पायाशी वासरू असलेली, अर्थात वासरासकट विकायला काढलेली गाय.

वासराच्या संगोपनाच्या पुस्तिकांत एक चूक फार महागात पडू शकते. ‘कोलोस्ट्रम’साठी काही जण ‘प्रथम दुग्ध’ लिहितात. गोठ्यात त्याला चीक म्हणतात, आणि चीक लिहिले नाही तर ज्याच्यासाठी पुस्तिका लिहिली तो वाचणारच नाही. नवजात वासराच्या रक्तात रोगप्रतिकारक प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. ती त्याला चिकातूनच मिळतात आणि आतड्यातून ती शोषून घेण्याची क्षमता जन्मानंतर दर तासाला घटत जाऊन दिवसभरात संपते. म्हणून पहिल्या तासाभरात चीक पाजणे आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा चीक पोटात जाणे महत्त्वाचे. वार, म्हणजे विल्यानंतर गाईच्या पोटातून पडणारे गर्भाचे वेष्टन, पडेपर्यंत वासराला पाजू नये, अशी जुनी समजूत अजून काही ठिकाणी आहे. ती खोडून काढणारे वाक्य ‘प्रथम दुग्ध’ आणि ‘अपरा’ अशा शब्दांत लिहिले तर ते ज्याच्यापर्यंत पोचायला हवे त्याच्यापर्यंत पोचत नाही. दुसरीकडे ‘काफ स्टार्टर’ हे खाद्याचे नाव मात्र तसेच ठेवा. शेतकरी दुकानात जाऊन तेच मागतो, पोत्यावरही तेच छापलेले असते.

आता हिमनदी. समुद्रात किंवा तळ्यात उतरणाऱ्या हिमनदीच्या टोकाचा तुकडा तुटून वेगळा होतो, त्याला इंग्रजीत काव्हिंग म्हणतात. मोठ्या प्राण्यापासून लहान वेगळा व्हावा तसा हिमनदीपासून हिमनग वेगळा होतो, अशी ती कल्पना आहे. आर्क्टिकमध्ये फिरणाऱ्या उत्तर युरोपातल्या खलाशांच्या भाषांत हा वापर होता आणि एकोणिसाव्या शतकात तो इंग्रजीत रुळला. त्या लोकांची सवयच तशी होती. मोठ्या बेटाशेजारच्या लहान बेटालाही ते वासरू म्हणत. आयल ऑफ मॅनच्या दक्षिण टोकाशी असलेल्या बेटाचे नाव आजही काफ ऑफ मॅन आहे. नकाशात हे नाव आले तर तसेच लिहा.

‘हिमनदी व्याली’ असे मी लिहीत नाही. त्यात कल्पना सुंदर आहे, पण बातमीत वाचक अडखळतो आणि काय घडले ते समजायच्या आधी शब्दाकडेच पाहत बसतो. ‘हिमनदीपासून हिमनग सुटला’ हे मला सर्वांत बरे वाटते. सुटणे या क्रियापदात तुटणे आहे आणि पुढचा प्रवासही आहे. जुलै २०१७ मध्ये अंटार्क्टिकातल्या लार्सन सी या हिमपट्ट्यापासून ए-६८ हा हिमनग सुटला, तो सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा होता, म्हणजे गोवा राज्याच्या दीडपट. ए-२३ए तर १९८६ मध्येच सुटला होता, पण वेडेल समुद्राच्या तळाला टेकून तीस वर्षांहून अधिक काळ एका जागी अडकून राहिला आणि मग पुन्हा वाहू लागला. अशा हकिकतीत ‘सुटला’, ‘टेकला’, ‘वाहू लागला’ ही साधी क्रियापदे पुरतात. तुटण्याच्या प्रक्रियेचे नाम हवेच असेल तर ‘हिमनग सुटण्याची प्रक्रिया’ असे लिहा. एकाच शब्दात बसवायचे म्हणून ‘हिमप्रसव’सारखा शब्द घडवण्यापेक्षा ते बरे.

एक सावधगिरी हवामानाच्या लेखांसाठी. हिमनग सुटणे ही हिमनदीची नेहमीची क्रिया आहे. वरून बर्फ साचत राहते, टोकाला सुटत राहते. प्रत्येक मोठा हिमनग हा तापमानवाढीचा थेट पुरावा नसतो, आणि सुटण्याचा वेग साचण्याच्या वेगाला मागे टाकतो तेव्हा मात्र ती काळजीची गोष्ट असते. मूळ लेखक हा फरक करत असेल तर अनुवादात तो पुसला जाऊ देऊ नका. ‘कोसळला’, ‘ढासळला’ अशी क्रियापदे तो नकळत पुसून टाकतात.

पुस्तकांच्या यादीतले ‘हाफ काफ’ म्हणजे वासराच्या कमावलेल्या कातड्याची अर्धी बांधणी. पाठ आणि कोपरे कातड्याचे, बाकीचे पुठ्ठे कागदाने किंवा कापडाने मढवलेले. ‘फुल काफ’ म्हणजे संपूर्ण चामडी बांधणी. वासराचे कातडे गुळगुळीत आणि बारीक पोताचे असते, म्हणून त्यावर सोनेरी ठसे चांगले उठतात. इंग्रजांच्या काळातल्या कायद्याच्या पुस्तकांची फिक्या रंगाची चामडी बांधणी जुन्या वकिलांच्या कपाटांत अजून दिसते, ती याच कातड्याची असे. ‘व्हेलम’ हे लिहिण्याचे चर्मपत्रही मुळात वासराचेच, आणि वासराच्या मांसाला इंग्रजीत ‘व्हील’ म्हणतात तो शब्द त्याचाच फ्रेंच नातलग. आठव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर इंग्लंडमधल्या मठात तयार झालेले आणि आज फ्लॉरेन्समध्ये असलेले कोडेक्स अमियाटिनस हे बायबल लिहायला ५०० हून अधिक वासरांची कातडी लागली होती. ब्रिटिश संसदेचे कायदे २०१७ पर्यंत व्हेलमवर छापून जपले जात होते. त्या वर्षापासून आतली पाने कागदाची झाली.

वैद्यकाच्या इतिहासात काम करणार असाल तर ‘काफ लिंफ’ भेटेल. देवीची लस मिळवण्यासाठी वासराच्या कातडीवर गोदेवीचा विषाणू वाढवत आणि तिथला स्राव गोळा करत. त्याला काफ लिंफ म्हणत. मराठीत ‘वासरापासून काढलेली देवीची लस’ इतके पुरे. जखमेतून पाझरणाऱ्या पातळ स्रावालाही आपण लसच म्हणतो, त्यामुळे हा शब्द इथे इंग्रजीपेक्षाही चपखल बसतो. बेळगावच्या टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो ही अशाच लसनिर्मितीची जागा होती.

वाक्प्रचार थोडेच आहेत. ‘गोल्डन काफ’ म्हणजे बायबलमधला संदेष्टा मोशे पर्वतावर असताना इस्राएली लोकांनी घडवून पुजलेले सोन्याचे वासरू. आजच्या लेखात तो आला तर अर्थ पैशाची पूजा. ‘फॅटेड काफ’ हे घर सोडून गेलेला मुलगा परतल्यावर बापाने कापलेले पुष्ट वासरू, म्हणून जंगी स्वागत. ख्रिस्ती वाचकांसाठीच्या मजकुरात तो दाखला तसाच ठेवा, कारण त्यांना तो मराठी बायबलमधून माहीत असतो. इतरत्र ‘घरात सणासारखा बेत केला’ असे काहीतरी लिहा. गाय आणि वासरू हे इथे वसुबारसेच्या दिवशी पुजले जातात आणि वात्सल्य हा शब्दच वत्स म्हणजे वासरू यावरून आला आहे, त्यामुळे वासरू कापण्याचे चित्र जसेच्या तसे आणले तर मूळच्या आनंदाऐवजी भलतीच भावना उमटते. ‘काफ लव्ह’ म्हणजे कोवळ्या वयातले प्रेम, त्यात वासराला आणू नका.

देवनागरीत लिहावे लागले तर नाम ‘काफ’, त्याचे अनेकवचन ‘काव्ह्ज’ आणि क्रियापद ‘काव्ह’. स्पेलिंगमधला ल बोलला जात नाही. अमेरिकी माणूस ‘कॅफ’ म्हणतो, तेव्हा ध्वनिफितीवरून काम करताना कॅफे किंवा कॅफीन ऐकल्याचा भास होतो. शेजारी ‘काऊ’, ‘बुल’ किंवा ‘हर्ड’ आहे का पाहा. असेल तर पिल्लू, आणि ‘नी’ किंवा ‘अँकल’ असेल तर पोटरी.